अप्रेंटिस ठेवायचा किंवा व्हायचं, तर खरा खर्च किती?

आयटीआय झालेल्या फिटरला अप्रेंटिस म्हणून घेतलं, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन द्यावं लागतं. त्यातले १,५०० केंद्र सरकार देतं, म्हणजे कारखानदाराच्या खिशातून जातात ५,५००. एवढं गणित कुठलाही सल्लागार फोनवर सांगतो. ते चूक नाही, पण त्यात कारखान्याचा अर्धा खर्च धरलेला नाही आणि मुलाचा तर अजिबातच नाही. सेफ्टी शूज कोणाचे, दुपारचं जेवण कोणाचं, लेथवर बिघडलेले जॉब कोणाच्या नावावर, भोसरीत किंवा सातपूरला कॉट बेसिसवर राहायचं तर पहिला महिना कसा काढायचा, हे प्रश्न करारावर सही झाल्यावर पुढे येतात. ते आधी विचारले तर दोघांचाही त्रास वाचतो.

हा लेख दोन वाचकांसाठी आहे. एक, ज्याच्या वर्कशॉपमध्ये तीस-चाळीस ते दोन-अडीचशे माणसं आहेत तो मालक. दुसरा, ज्याच्या हातात नुकतीच आयटीआयची, डिप्लोमाची किंवा पदवीची मार्कशीट आली आहे तो मुलगा किंवा मुलगी. दोघांनी एकमेकांचा भागही वाचावा.

कोणाला ठेवावाच लागतो

कायदा १९६१ चा आहे, शिकाऊ उमेदवार अधिनियम. सुरुवातीला तो आयटीआयच्या धाटणीच्या ट्रेडपुरता होता. १९७३ मध्ये पदवीधर आणि डिप्लोमावाले त्यात आले, १९८६ मध्ये व्यवसाय अभ्यासक्रमाची बारावी झालेले आले. २०१४ ची दुरुस्ती सगळ्यांत मोठी. तिने मालकावरची तुरुंगवासाची टांगती तलवार काढली, उद्योगांना स्वतःचा अभ्यासक्रम आखून ‘ऐच्छिक ट्रेड’ चालवायची मुभा दिली आणि फक्त कारखानेच नव्हे, तर दुकानं, हॉटेलं, बँका, आयटी कंपन्या अशा सेवाक्षेत्रालाही दार उघडलं.

आजचा नियम असा: ३० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. संख्या एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के आणि जास्तीत जास्त पंधरा टक्के.

इथेच बहुतेक मालक चुकतात. ‘आमच्या मस्टरवर बावीसच माणसं आहेत, आम्हाला लागू नाही,’ असं ते म्हणतात. पण मनुष्यबळ मोजताना ठेकेदाराची माणसंही धरायची असतात. बावीस कायम आणि अठरा ठेक्यावरची म्हणजे चाळीस. किमान एक अप्रेंटिस घ्यावाच लागेल, फार तर सहा घेता येतील. ऐंशी माणसांच्या युनिटला हा पट्टा दोन ते बारा असा पडतो. वरची मर्यादाही तितकीच लक्षात ठेवा. सगळी ऑपरेटरची कामं अप्रेंटिसवर ढकलून कायम भरती बंद करायची, असा कोणाचा बेत असेल तर पंधरा टक्क्यांवर तो अडतो.

नाही घेतले तर काय? दंड आहे, आणि तो किती किरकोळ आहे हे उघड सांगायला हवं. २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि त्यानंतर जागा भरेपर्यंत दरमहा १,०००. दोन उमेदवार वर्षभर कमी असतील तर दंड होतो २१,००० रुपये. तेच दोन आयटीआय अप्रेंटिस वर्षभर ठेवले तर विद्यावेतनापोटीच मालकाचे १,३२,००० जातात. म्हणजे नुसता कायदा पाळायचा म्हणून अप्रेंटिस घेणं हा तोट्याचा हिशेब आहे. घ्यायचे असतील तर माणूस तयार करण्यासाठी घ्या. ते करायचं नसेल तर पुढचे आकडे तुम्हाला महागच वाटतील.

किमान दर

२०१९ च्या नियमांनी ठरवलेलं दरमहा किमान विद्यावेतन असं:

- पाचवी ते नववी: ५,००० रुपये
- दहावी: ६,००० रुपये
- बारावी: ७,००० रुपये
- आयटीआय प्रमाणपत्रधारक: ७,००० रुपये
- डिप्लोमा: ८,००० रुपये
- पदवीधर: ९,००० रुपये

दुसऱ्या वर्षी यात दहा टक्के वाढ होते, तिसऱ्या वर्षी आणखी पंधरा टक्के. आयटीआयवाल्याला दुसऱ्या वर्षी ७,७०० मिळाले पाहिजेत. हे किमान दर आहेत, जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही. मोठ्या कंपन्या मुलं टिकावीत म्हणून जास्त देतातही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. त्यानुसार ५,००० ते ९,००० हा पट्टा ६,८०० ते १२,३०० होतो आणि आयटीआयवाल्याचा दर साडेनऊ हजारांच्या आसपास जातो. करार करण्याच्या दिवशी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर जो किमान दर असेल तोच खरा. पुढचे सगळे हिशेब मी २०१९ च्या दराने मांडले आहेत. दर बदलला असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

दोन दारं: नॅप्स आणि नॅट्स

सरकारी मदत दोन वेगवेगळ्या मंत्रालयांकडून येते. त्यांचे पोर्टल वेगळे, कार्यालयं वेगळी आणि पैशांतला फरक मोठा.

नॅप्स म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना. ही कौशल्य विकास मंत्रालयाची, ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेली. आयटीआयवाले, दहावी-बारावी झालेले नवखे आणि ऐच्छिक ट्रेडचे उमेदवार मुख्यतः इथून येतात. सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के देतं, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. ५,००० वर १,२५० मिळतात, ६,००० वर बरोबर १,५००, आणि त्यापुढे विद्यावेतन कितीही असो, १,५०० च. पूर्वी हे पैसे मालकाला परतावा म्हणून मिळायचे, आणि मालक ते मागून मागून थकायचे. ऑगस्ट २०२३ पासून ते थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जातात. मालकासाठी हे चांगलं झालं, कारण त्याने फक्त आपला हिस्सा द्यायचा. उमेदवारासाठी मात्र एकाच महिन्याचे पैसे दोन वाटांनी, दोन वेगळ्या तारखांना येऊ लागले. त्याबद्दल पुढे.

नॅट्स म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना. ही शिक्षण मंत्रालयाची, पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी. तिचं काम चार विभागीय मंडळांमार्फत चालतं. पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत सायनला आहे, तेच महाराष्ट्र आणि गोव्याचं काम पाहतं. इथे सरकार किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग उचलतं: पदवीधरामागे ४,५०० आणि डिप्लोमावाल्यामागे ४,०००.

आता तुलना करा. बी.कॉम. झालेली मुलगी अकाउंट्समध्ये अप्रेंटिस म्हणून घ्यायची आहे. नॅप्सच्या एखाद्या ऐच्छिक ट्रेडमधून घेतली तर ९,००० पैकी मालकाचे जातात ७,५००. नॅट्समधून घेतली तर ४,५००. वर्षाला एका उमेदवारामागे ३६,००० चा फरक. तरी कितीतरी लहान कंपन्या पदवीधरही नॅप्समधूनच घेतात, कारण सल्लागाराने एकच पोर्टल शिकून घेतलेलं असतं. पदवीधर घ्यायचा असेल तर आधी नॅट्सचं दार ठोठावा. मात्र तिथल्या अटी कडक आहेत. उमेदवाराला एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव असेल तर तो बाद होतो, आणि शिक्षण संपून फार वर्षं झालेली चालत नाहीत. बहुतेक जाहिरातींत पाच वर्षांची मर्यादा असते.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये स्वतःची शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणली. तिच्यात विद्यावेतनाच्या ७५ टक्के किंवा ५,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम आस्थापनेला परताव्याने देण्याची तरतूद आहे. जिल्ह्याच्या सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे (हा सरकारी अधिकारी असतो) चौकशी जरूर करा. पण मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत हा पैसा हिशेबात धरू नका. परताव्याच्या योजनेत आधी आपले पैसे गुंततात, हे कुठल्याही लघुउद्योजकाला वेगळं सांगायला नको.

मालकाचा हिशेब

समजा ऐंशी माणसांचं मशीन शॉप आहे आणि तुम्ही आयटीआयचे चार अप्रेंटिस घेतले: दोन फिटर, एक टर्नर, एक मशिनिस्ट. नॅप्समधून. तुमचा हिस्सा माणशी ५,५००, चौघांचे महिन्याला २२,०००, वर्षाला २,६४,०००.

आता जे सल्लागार सांगत नाही ते. पुढचे आकडे मी गृहीत धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. युनिफॉर्म आणि सेफ्टी शूज माणशी अडीच हजार, म्हणजे १०,०००. कँटीनचं जेवण आणि चहा दिवसाला साठ रुपये धरले तर सव्वीस दिवसांचे १,५६०, चौघांचे वर्षाला ७४,८८०. शिकवणारा जुना माणूस, पगार तीस हजार, दिवसातला एक तास त्यांच्यासाठी देतो. आठ तासांतला एक म्हणजे महिन्याला ३,७५०, वर्षाला ४५,०००. बिघडलेला माल आणि तुटलेली टूल्स महिन्याला दोन हजार धरा, २४,०००. बेरीज ४,१७,८८०. एका अप्रेंटिसमागे महिन्याला साधारण ८,७०० रुपये.

५,५०० आणि ८,७००. पहिला आकडा डोळ्यासमोर ठेवून घेतलेल्या मालकाला तिसऱ्या महिन्यात वाटायला लागतं की ही मुलं महाग पडतात. मग तो जेवण बंद करतो किंवा शिकवणाऱ्याला परत मशीनवर पाठवतो. या यादीतला सगळ्यांत कामाचा खर्च तो ४५,००० चा आहे आणि कात्री नेमकी त्यालाच लागते. शिकवणारा नसेल तर मुलगा वर्षभर बर काढत नाहीतर झाडू मारत राहतो. वर्षाच्या शेवटी तुम्हाला टर्नर मिळत नाही, त्याला कसब मिळत नाही, आणि ४,१७,८८० पैकी उरलेले पावणेचार लाख दोघांच्याही उपयोगाचे नसतात.

वाचतं काय, तेही बघू. कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो कामगार नसून शिकणारा आहे. पण याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी त्याला कामगाराइतक्याच लागू आहेत. प्रशिक्षण चालू असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. ईएसआय नाही म्हणजे दवाखान्याचं बिलही थेट तुमच्या टेबलावर येणार. पॉवर प्रेसवर मुलं ठेवणार असाल तर गट अपघात विमा काढून ठेवा. वर्षाच्या एकूण खर्चात त्याचा हप्ता जाणवतही नाही.

ओव्हरटाइम हा दुसरा सापळा. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. आणि ही परवानगी प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचं कारण असेल तरच मिळते. महिनाअखेरीस डिस्पॅच अडला, हे दोन्हींत बसत नाही. आठवड्याची सुट्टी आणि सणाच्या सुट्ट्या आस्थापनेत इतरांना असतील त्याच त्याला.

दहावी झालेला नवखा मुलगा घेणार असाल तर आणखी एक टप्पा येतो, मूलभूत प्रशिक्षणाचा. आयटीआयवाल्याला तो माफ असतो, कारण त्याने तो संस्थेतच पूर्ण केलेला असतो. नवख्याला मशीनवर उभं करण्याआधी तो द्यावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी आणि पुढच्या थिअरीच्या वर्गांसाठी बीटीआरआय केंद्रं आहेत, बहुतेक ठिकाणी सरकारी आयटीआयच्या आवारातच. लहान युनिटला स्वतःचा वर्ग चालवणं परवडत नाही, म्हणून पहिला फोन तिथे करा. तुमच्या भागाचा शिकाऊ उमेदवारी सल्लागार कोण आहे तेही तिथेच कळतं.

एजन्सीमार्फत अप्रेंटिस घेता येतात. पोर्टलवर नोंदलेले असे मध्यस्थ असतात. नोंदणी, करार आणि महिन्याचं काम ते करतात आणि त्याचं सेवाशुल्क मालकाकडून घेतात. चार-पाच उमेदवारांसाठी हे शुल्क देण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पोर्टलचं काम पगारपत्रक करणारा माणूस दोन-तीन महिन्यांत शिकतो. चाळीस-पन्नास उमेदवार असतील तर गोष्ट वेगळी.

उमेदवाराचा हिशेब

आता दुसरी बाजू. मुलगा लातूरचा, अप्रेंटिसशिप चाकणला. समजा कॉट बेसिसवर २,५००, मेस ३,०००, जाणंयेणं ८००, मोबाइल ३००. झाले ६,६००. सात हजारांतले चारशे उरतात. आजारी पडला, घरी जायचं तिकीट काढलं, की तेही गेले. कंपनी जेवण आणि बस देत असेल तर हेच चित्र पार बदलतं. म्हणून दोन ठिकाणांची तुलना करताना नुसतं विद्यावेतन पाहू नका. घरापासून दूर ९,००० देणाऱ्या आणि कँटीन नसलेल्या कंपनीपेक्षा जेवण-बस देणारी ७,००० ची कंपनी जास्त हातात ठेवू शकते.

खरी अडचण पहिल्या दोन महिन्यांची. महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचं असतं. १ तारखेला रुजू झालात तर पहिला पैसा चाळीस दिवसांनी. तोवरची खोली, मेस आणि खोलीची अनामत धरली तर दहा-अकरा हजार घरून घेऊन निघायला हवेत. आणि त्या दहा तारखेला येतील ते कंपनीचे ५,५००. सरकारचे १,५०० वेगळे येतात. कंपनीने आपला हिस्सा दिल्याची नोंद पोर्टलवर केली की ते पुढे सरकतात. सुरुवातीचे काही महिने महिन्याची आवक ५,५०० च धरा आणि वरचे १,१०० कुठून येणार ते आधी ठरवा. अर्ध्यातून परत गेलेली पुष्कळ मुलं कामाला कंटाळून नव्हे, या तफावतीमुळे परत गेलेली असतात.

सरकारचा हिस्सा येत नसेल तर आधी स्वतःचं खातं तपासा. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट येणारे, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. आधार बँकेत दिलेलं असणं वेगळं आणि खातं डीबीटीसाठी सीड केलेलं असणं वेगळं. दोन-तीन खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी गावच्या बँकेत काढलेल्या, आता विसरलेल्या खात्यात ते जमा होत असल्याचं हमखास निघतं. शाखेत जाऊन विचारा. आधारवरचं नाव, दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का तेही पाहा. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही गाडी अडते.

नोंदणीला पैसे लागत नाहीत. पोर्टलवर उमेदवाराची नोंद आणि करार, दोन्ही फुकट आहेत. काही सरकारी आस्थापना भरतीच्या अर्जाला शुल्क लावतात, रेल्वे १०० रुपये घेते. ते जाहिरातीत छापलेलं असतं आणि अधिकृत संकेतस्थळावरच भरायचं असतं. त्यापलीकडे ‘गेटपासचे’, ‘ट्रेनिंग किटचे’, ‘सीट पक्की करण्याचे’ म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथून निघा. कायद्याने इथे पैसे उमेदवाराला मिळायचे असतात.

करार वाचा

अप्रेंटिस आहात की नाही, याचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: पोर्टलवर नोंदलेला, नंबर असलेला करार. कंपनीच्या लेटरहेडवरचं ‘ट्रेनी’ म्हणून दिलेलं पत्र म्हणजे करार नव्हे. करार झाल्यावर त्याचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर भरायचा असतो. पंधरा दिवस होऊनही तुमच्या लॉगिनमध्ये करार दिसत नसेल तर विचारा, आणि लेखी विचारा. नंबर नसेल तर सरकारचा हिस्सा नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. मालकासाठीही हे धोक्याचं. नोंदणी नसलेला ‘अप्रेंटिस’ कायद्याच्या आडोशाला येत नाही. तो साधा कामगार ठरतो आणि मग किमान वेतन, पीएफ, ईएसआय सगळं मागून वसूल होऊ शकतं.

करारात ट्रेडचं नाव, सुरू आणि संपण्याची तारीख, विद्यावेतनाची रक्कम आणि प्रशिक्षणाचं ठिकाण पाहा. ट्रेड डोळ्यांत तेल घालून बघा. इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाचा करार पॅकिंगच्या एखाद्या ऐच्छिक ट्रेडमध्ये केलेला असतो. काम तर मिळालं, म्हणून तो सही करतो. वर्षाने हातात येतं ते पॅकिंगचं प्रमाणपत्र. उमेदवार अठरा वर्षांखालचा असेल तर पालकाची सही लागते. किमान वय चौदा, धोक्याच्या उद्योगांत अठरा.

मध्येच सोडलं तर? कराराच्या अटी मोडल्या म्हणून तो मुदतीआधी संपला, तर ज्याची चूक त्याने दुसऱ्याला शेवटच्या विद्यावेतनाच्या तिप्पट रक्कम द्यायची, असा नियम आहे. ७,००० चा असेल तर २१,०००. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. कंपनीने वाटेल तेव्हा ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणायचं नाही, आणि मुलानेही दुसरीकडे दोन हजार जास्त मिळतात म्हणून सोमवारपासून गायब व्हायचं नाही. भांडण झालंच तर पहिली पायरी शिकाऊ उमेदवारी सल्लागार. त्याचा निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत वर अपील करता येतं. मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवून घेण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या.

जागा कुठे, आणि पुढे काय

मध्य रेल्वे अलीकडच्या वर्षांत दर भरतीला २,४०० च्या घरात अप्रेंटिस घेते: मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर विभागांतल्या शेड आणि वर्कशॉपमध्ये. परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. मुंबईत माझगाव डॉक आणि नौदलाची गोदी, राज्यभर महावितरणची मंडळ कार्यालयं आणि एसटीचे विभाग वेळोवेळी जाहिराती काढतात. माझगाव डॉकमध्ये आठवी आणि दहावीवरही जागा असतात, हे गावाकडच्या फार थोड्या मुलांना ठाऊक असतं.

अप्रेंटिसशिप संपली की नोकरी मिळते का? कायद्याने नाही. मालकाने भरतीबाबत स्वतःचं धोरण ठरवायचं, एवढंच कायदा म्हणतो. करारातच नोकरी देण्याची अट घातली असेल तर मात्र ती पाळावी लागते. पण सरकारी क्षेत्रात वजन मिळतं. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत समांतर आरक्षणात शिकाऊ उमेदवारांचा वेगळा रकाना असतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश परिवहनच्या खटल्यात म्हटलं होतं की, बाकी पात्रता सारखी असेल तर थेट उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. खासगीत यातलं काही बांधील नाही. तिथे सुपरवायझरचं मत चालतं.

नावाने जवळची वाटणारी पण वेगळी प्रकरणं तीन आहेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची, राज्याची. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, सगळे पैसे सरकारचे. आयटीआयवाल्याला आणि पदवीधराला महिन्याला जास्त मिळतं हे खरं, पण १९६१ च्या कायद्याखालची ती अप्रेंटिसशिप नव्हे, त्यामुळे ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्रही नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५,००० आणि एकदाच ६,००० मिळतात. ती २१ ते २४ वयाच्यांसाठी आहे. तिसरी ‘नीम’, कारखान्यांत प्रशिक्षणार्थी ठेवण्याची जुनी योजना. पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांत हजारो मुलं ‘नीम ट्रेनी’ म्हणून ठेवली गेली. ती योजना आता बंद आहे. आजही कोणी त्या नावाने पत्र देत असेल तर त्याला किंमत नाही. रेल्वे, महावितरण, गोदी असं काही डोळ्यासमोर असेल तर कमी पैसे मिळाले तरी अप्रेंटिसशिप करा. काही महिन्यांत थोडी कमाई आणि ऑफिसचा अनुभव एवढंच हवं असेल तर राज्याची योजना बरी.

शेवटचं काम परीक्षेचं. ठरावीक ट्रेडमध्ये प्रशिक्षण संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते. ती पास झाल्यावरच राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ऐच्छिक ट्रेडमध्ये संबंधित क्षेत्राची कौशल्य परिषद मूल्यमापन करते. वर्ष पूर्ण केलं, कंपनीने शिक्का मारून पत्र दिलं, म्हणून पुष्कळ मुलं परीक्षेचा फॉर्मच भरत नाहीत. रेल्वेच्या राखीव जागेसाठी असं नुसतं पत्र चालत नाही. फॉर्म कंपनीमार्फत जातो, म्हणून करार संपण्याच्या दोन महिने आधी एचआरकडे जाऊन फॉर्म, फी आणि हजेरीचा दाखला यांची विचारणा करा. मालकांनीही त्या आठवड्यात मुलांना परीक्षेची सुट्टी द्यावी, त्या दिवसांचे पैसे न कापता.